ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी हातातला कॅटलॉग: मोबाईल साधन बनवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या वाचनालयांत, कॉलेजच्या ग्रंथालयांत काम करणारे लोक आणि त्यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहू पाहणारी मुलंमुली जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. दोन्ही शहरांची गरज सारखी नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे. इतक्या जुन्या परंपरेच्या गावात हाताने लिहिलेली दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक देऊन ते जिच्यात नोंदवतात ती वही) हाच अनेक ठिकाणी मूळ पुरावा असतो. खाडीपलीकडच्या नवी मुंबईची आखणी सिडको १९७० मध्ये स्थापन झाल्यावर सुरू झाली. तिथल्या बहुतेक कॉलेजांत संगणकावरच्या नोंदी आहेत, पण त्या काउंटरवरच अडकून पडलेल्या असतात. उत्तरं लिहिताना दोन्हीकडची परिस्थिती समोर ठेवली आहे.

काउंटरवर संगणक आहे. मग मोबाईल कशाला?

कारण पुस्तक काउंटरवर नसतं. वाचक पुस्तकाचं नाव सांगतो, काउंटरवरच्या ताई संगणकात बघून चिठ्ठीवर क्रमांक लिहितात आणि सेवक चिठ्ठी घेऊन आतल्या खोलीत जातो. पुस्तक जागेवर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर नवे प्रश्न उभे राहतात: दुसरी प्रत आहे का, ती कुठल्या कपाटात, बांधणीला गेली आहे का, की कोणी नेली आहे? या प्रत्येक प्रश्नासाठी तो काउंटरपर्यंत येतो आणि परत जातो. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावरच्या गर्दीत हे किती वेळा होतं, ते काम करणाऱ्यालाच ठाऊक. ही उत्तरं कपाटाजवळ उभ्या असलेल्या माणसाला तिथेच मिळावीत, एवढंच या साधनाचं काम. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवायला सांगतं. त्यात सेवकाची पायपीटही धरावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

पहिल्या आवृत्तीत काय काय असावं?

शोधाची एक चौकट, बारकोड वाचणारं एक बटण आणि पुस्तकाची सद्यस्थिती दाखवणारा एक पडदा. त्या पडद्यावर नाव, लेखक, दाखल क्रमांक, वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक), कपाट-फळी आणि ‘आत आहे’ किंवा ‘बाहेर आहे, अमुक तारखेला परत’ एवढं दिसलं की पुरे.

पहिल्या आवृत्तीने मूळ नोंदींत काहीही लिहू नये, त्या फक्त वाचाव्यात. देवघेव, दंड, नवी नोंद, दुरुस्ती यांतलं काहीच नको. याबद्दल आम्ही आग्रही आहोत. वाचणारं साधन चुकलं तर फार तर चुकीचं उत्तर दिसतं. लिहिणारं साधन चुकलं तर दाखल नोंदवही आणि संगणक यांचा मेळ बसेनासा होतो, आणि तो निस्तरायला ग्रंथपाल बसतात, प्रोग्रॅम लिहिणारा बसत नाही. शिवाय वाचणाऱ्या साधनाला समितीची परवानगी लवकर मिळते.

आमच्याकडे कोहा आहे. त्यातून माहिती कशी घ्यायची?

ग्रंथालयाच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारं कोहा हे सॉफ्टवेअर १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी लिहिलं गेलं आणि २००० च्या सुरुवातीला वापरात आलं. ते मुक्त प्रणाली आहे, त्यामुळे परवान्याचा खर्च नाही. आताच्या आवृत्त्यांत रेस्ट एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला माहिती मागता येईल असं दार, आहे. तुमचं साधन त्याला विचारतं आणि तो जेसन या प्रोग्रॅमला सहज वाचता येणाऱ्या स्वरूपात उत्तर देतो. नवख्यांसाठी एक खूण सांगून ठेवतो: प्रतीचा बारकोड या एपीआयमध्ये ‘एक्स्टर्नल आयडी’ या नावाने येतो. ‘बारकोड’ नावाने मागत बसलात तर मिळणार नाही.

ओळख पटवण्यासाठी ओऑथ २ या पद्धतीची सोय आहे, ती कोहाच्या सिस्टिम प्रेफरन्समधून चालू करावी लागते. त्यातून मिळणारी गुप्त किल्ली मोबाईलच्या पानात कधीही ठेवू नका. मध्ये एक छोटा सर्व्हर ठेवा, किल्ली त्याच्याजवळ राहू द्या आणि मोबाईलने फक्त त्याच्याशीच बोलावं. त्या किल्लीमागच्या खात्याला कॅटलॉग पाहण्यापलीकडे कुठलाही अधिकार देऊ नका.

आमच्याकडे सोल किंवा ई-ग्रंथालय आहे.

चालेल. हीसुद्धा कोहासारखीच ग्रंथालयाची सॉफ्टवेअर आहेत. विद्यापीठ ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या इन्फ्लिबनेटचं सोल काय किंवा सरकारच्या एनआयसी या संगणक केंद्राचं ई-ग्रंथालय काय, नोंदी बाहेर काढण्याची सोय बघा आणि रोज रात्री किंवा आठवड्यातून एकदा काढलेल्या फाइलवर साधन चालवा. ‘आत की बाहेर’ हे अर्थातच त्या फाइलच्या वेळेपुरतंच खरं असेल, म्हणून ती वेळ पडद्यावर ठळक दाखवा.

आणि आमच्याकडे फक्त एक्सेलची फाइल आहे, तीही अर्धवट?

मग तुमचं काम सगळ्यात लवकर सुरू होऊ शकतं. दाखल क्रमांक, नाव, लेखक आणि कपाट हे चार रकाने धड असले तरी साधन उपयोगी पडतं. मात्र फाइलमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षर-संकेतांत, आहे ना, हे आधी पाहा. जुन्या टायपिंगच्या काळात श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये भरलेल्या नोंदी पडद्यावर मराठी दिसतात, पण फॉन्ट बदलला की आत रोमन अक्षरं आणि चिन्हं निघतात. अशा नोंदींवर शोध चालत नाही. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात. त्यांचं काम झाल्यावर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासावी लागतात, कारण गडबड बहुतेक वेळा तिथेच होते.

पुस्तकामागचा आयएसबीएन स्कॅन केला की काम होईल ना?

नव्या पुस्तकांपुरतं, तेही अर्धंच. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, आवृत्ती ओळखतो, प्रत ओळखत नाही. एकाच कादंबरीच्या पाच प्रती असतील तर पाचांवर तोच क्रमांक असणार, आणि हातातली प्रत कुठली ते तुमचा दाखल क्रमांकच सांगणार. आयएसबीएनची आंतरराष्ट्रीय पद्धत १९७० ची, म्हणजे त्याआधीच्या पुस्तकांवर तो असण्याचा प्रश्नच नाही. नंतरच्याही कितीतरी मराठी पुस्तकांवर तो नसतो. दिवाळी अंकांना तर आयएसबीएन नसतोच, आणि आपल्याकडे दिवाळी ते संक्रांत या काळात सगळ्यात जास्त फिरतात ते तेच.

आणखी एक गोष्ट. २००७ पासून आयएसबीएन १३ आकडी झाला. तुमच्या नोंदीत १० आकडी असेल आणि पुस्तकाच्या पाठीवरचा बारकोड १३ आकडी, तर साधनाने रूपांतर स्वतः करावं: शेवटचा आकडा काढायचा, आधी ९७८ लावायचे आणि तपासणी-अंक (आधीच्या आकड्यांवरून निघणारा शेवटचा अंक) नव्याने काढायचा. हे काम ग्रंथालयातल्या माणसावर टाकू नये.

मराठीत शोधलं की पुस्तक असूनही सापडत नाही. असं का होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि साधन टिकेल की कोपऱ्यात पडेल हे यावरच ठरतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं कारण यंत्राचं. डोळ्यांना एकच दिसणारं अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिलेलं असू शकतं. ‘दऱ्या’मधला अर्धा र काही कीबोर्ड एका पद्धतीने लिहितात आणि काही अदृश्य जोडचिन्ह घालून दुसऱ्या पद्धतीने. ‘ॲ’चंही तसंच: एका ठिकाणी ते एकच अक्षर असतं, दुसऱ्या ठिकाणी अ, जोडचिन्ह आणि वरचा चंद्र असे तीन तुकडे. माणसाला फरक दिसत नाही, यंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटतात.

दुसरं कारण लेखनाचं. ‘ग्रंथ’ आणि ‘ग्रन्थ’, ‘कवि’ आणि ‘कवी’, ‘गुरु’ आणि ‘गुरू’. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधी छापलेल्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘केलें’ अशी अनुस्वारांची गर्दी असते. ज्याने नोंद केली त्याने मुखपृष्ठाबरहुकूम लिहिलं, आणि ते बरोबरच केलं. शोधणारा आजच्या पद्धतीने लिहितो, तोही बरोबरच आहे.

यावर उपाय असा. मूळ नोंदीला हात लावायचा नाही. तिच्या शेजारी शोधासाठी एक वेगळा रकाना तयार करायचा. त्यात दोन प्रकारे लिहिली जाणारी अक्षरं एकाच रूपात आणायची, जोडचिन्हं काढून टाकायची, परसवर्णाचा (‘ग्रन्थ’मधल्या अर्ध्या न सारख्या अक्षराचा) अनुस्वार करायचा, ऱ्हस्व-दीर्घ एक करायचे, शब्दाच्या शेवटचे अनुस्वार गाळायचे आणि देवनागरी आकड्यांचे रोमन आकडे करायचे. शोधणाऱ्याने लिहिलेल्या शब्दावरही नेमकी हीच प्रक्रिया करायची आणि मगच तुलना करायची. यामुळे थोडे जास्तीचे निकाल येतात, पण कपाटाजवळ उभ्या असलेल्या माणसाला चार जास्त निकाल चालतात, रिकामा पडदा चालत नाही. कोहातला शोध झेब्रा या शोधयंत्रावर चालत असेल तर त्याची आयसीयू मांडणी (युनिकोड अक्षरं हाताळणारी) चालू आहे ना, हेही बघा. तिच्याविना देवनागरीचा शोध नीट लागत नाही.

तिसरं कारण लेखकांच्या नावांचं. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे एकच, हे आपल्याला माहीत असतं, यंत्राला कोणी सांगितलेलं नसतं. त्यात आद्याक्षरांमध्ये जागा सोडली की नाही, आडनाव आधी की नंतर, याचाही घोळ. मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या आंतरराष्ट्रीय साच्यात लेखकांच्या अधिकृत नोंदी ठेवण्याची सोय आहे, पण लहान वाचनालयांत त्या बहुधा नसतात. तिथे एक साधी यादी करा: एका रकान्यात टोपणनाव, दुसऱ्यात मूळ नाव, तिसऱ्यात वाचक ज्या नावाने विचारतात ते. ही यादी इंटरनेटवरून उतरवून घेऊ नका. तुमच्याकडे वर्षानुवर्षं काउंटरवर बसलेल्या ताईंना किंवा काकांना विचारून करा. वाचक कुठलं पुस्तक कसं मागतात याचं त्यांच्याकडे असलेलं ज्ञान कुठल्याही सर्व्हरवर नाही, आणि त्यांच्या निवृत्तीआधी ते लिहून ठेवणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यात मोलाचं आहे.

ॲप बनवावं की वेबपान?

वेबपान. प्ले स्टोअरचं खातं, नव्या आवृत्त्या, वेगवेगळे फोन यांत लहान संस्थेने अडकू नये. पान होम स्क्रीनवर जोडता येतं आणि नेट नसतानाही उघडेल असं करता येतं.

एक अडचण मात्र बहुतेकांना गाठते. पान ग्रंथालयाच्याच संगणकावर ठेवून आतल्या वायफायवरून उघडलं की सगळं चालतं, पण कॅमेरा उघडत नाही. ब्राउझर कॅमेरा फक्त सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएस पत्त्यावरच देतो. नेटविना चालण्याची सोयही तशीच अडते. म्हणून संस्थेच्या नावाचा डोमेन आणि लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र घेऊन काम सुरू करा. बारकोड वाचण्यासाठी अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये अंगभूत सोय आहे. आयफोनवर ती नाही, तिथे झेडएक्सिंगसारखा मोफत तयार प्रोग्रॅम-संच वापरावा लागतो.

आतल्या खोलीत रेंजच येत नाही. लोखंडी कपाटं आहेत.

अख्खा कॅटलॉग फोनमध्येच ठेवा. ऐकायला मोठं वाटतं, पण हिशेब करून पाहा. युटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. नाव, लेखक, क्रमांक, कपाट असं सगळं धरून एका पुस्तकाला ३०० बाइट लागले, तर ५०,००० पुस्तकांचे दीड कोटी बाइट, म्हणजे १५ एमबी. व्हॉट्सॲपवर आलेला एखादा लांब व्हिडिओ याहून मोठा असतो. सकाळी काउंटरजवळच्या वायफायवर माहिती ताजी करून घ्यायची आणि दिवसभर आत काम करायचं.

पुस्तकांच्या वार्षिक पडताळणीला याचा उपयोग होईल?

सगळ्यात जास्त उपयोग इथेच आहे. दाखल नोंदवही घेऊन एकाने क्रमांक वाचायचा आणि दुसऱ्याने खूण करायची, या पद्धतीत दोन माणसं आठवडेच्या आठवडे अडकतात आणि वाचनालय काही काळ बंद ठेवावं लागतं. मोबाईलने एक माणूस एक कपाट संपवून पुढे जाऊ शकतो, वाचनालय चालू असताना.

पद्धत अशी ठेवा. आधी कपाटाचा आणि फळीचा कोड स्कॅन करायचा, मग त्या फळीवरची पुस्तकं डावीकडून उजवीकडे. साधनाने फक्त एक वाढती यादी लिहायची: क्रमांक, फळी, वेळ, कोणी स्कॅन केलं. एकदा लिहिलेली ओळ पुसायची नाही. चूक झाली तर खाली नवी ओळ येईल. संध्याकाळी त्या यादीतले बारकोड साध्या मजकूर-फाइलमध्ये काढून कोहाच्या इन्व्हेंटरी साधनाला द्यायचे. न सापडलेली पुस्तकं, भलत्या जागी असलेली आणि नोंदीत बाहेर असूनही कपाटात असलेली, या याद्या कोहाच काढून देतं. म्हणजे मोबाईलने मूळ नोंदीला हातही लावलेला नसतो.

स्कॅन करताना आवाज हवाच. सगळं ठीक असेल तर एक छोटा टिक आणि काही चुकलं तर वेगळा, लांब आवाज. प्रत्येक पुस्तकानंतर पडद्याकडे बघावं लागलं तर मान दुखते आणि वेगही जातो. खूप पुस्तकं असतील तर ब्लूटूथ स्कॅनर घ्या. तो फोनला कीबोर्डसारखा जोडला जातो, क्रमांक टाइप करून एंटर दाबतो, आणि कॅमेऱ्याने बॅटरी खाण्याचा प्रश्नही राहत नाही.

पुस्तकं क्रमाने लावली आहेत का, हे तपासणंही शक्य आहे, पण ते तुमच्या मांडणीवर अवलंबून आहे. ड्यूई या विषयवार वर्गीकरणाच्या पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ वर येतं, कविता ८९१.४६१ आणि कथा-कादंबरी ८९१.४६३ वर. म्हणजे मराठी वाचनालयातली निम्मीअधिक पुस्तकं दोन-तीन वर्गांकांतच कोंबली जातात आणि खरा क्रम लेखकाच्या अक्षरावर ठरतो. अनेक सार्वजनिक वाचनालयं तर दाखल क्रमांकानेच पुस्तकं लावतात. साधन लिहिण्याआधी कपाटांसमोर उभं राहून मांडणी समजून घ्या. पाठ्यपुस्तकातली मांडणी गृहीत धरू नका.

बारकोडचं लेबल कुठे लावावं?

बाहेर, मागच्या मुखपृष्ठावर, वरच्या कोपऱ्यात, बांधणीच्या बाजूला. पुस्तक थोडं पुढे ओढलं की स्कॅन व्हायला हवं. शीर्षकपानावर आत लावलेल्या लेबलासाठी प्रत्येक पुस्तक उघडावं लागतं, आणि पडताळणीचा सगळा फायदा तिथेच संपतो. लेबलावर आकडेही छापा, कारण खाडीकाठच्या दमट हवेत रेघा कधी ना कधी पुसट होतातच.

आरएफआयडीचे टॅग फोन वाचेल का?

आरएफआयडी टॅग म्हणजे रेडिओलहरींनी वाचली जाणारी चिप. टॅग १३.५६ मेगाहर्ट्झचे, आयएसओ १५६९३ प्रकारचे असतील तर एनएफसी (जवळून टॅग वाचण्याची सोय) असलेला फोन ते वाचू शकतो, पण अगदी जवळून, एकावेळी एकच. त्यासाठी वेबपान पुरत नाही, ॲप लिहावं लागतं. यूएचएफ (लांबून वाचले जाणारे, जास्त वारंवारतेचे) टॅग असतील तर साधा फोन वाचणार नाही. फळीवरून फिरवत नेला की सगळी पुस्तकं मोजणारा टॅग-रीडर हे वेगळं यंत्र आहे.

सभासदाचं नाव पडद्यावर दाखवावं का? पुस्तक कोणाकडे आहे ते लगेच कळेल.

दाखवू नये. कपाटाजवळच्या कामाला ‘बाहेर आहे’ आणि परतीची तारीख एवढं पुरतं. कोण काय वाचतं ही त्या माणसाची खासगी गोष्ट आहे, आणि फोन खिशातून घरी जातो, लोकलमध्ये जातो, हरवतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहेच. कायदा नसता तरी आमचं उत्तर हेच असतं. जी माहिती फोनवर पाठवलीच नाही, ती फोनवरून फुटत नाही.

कर्मचाऱ्यांनी स्वतःचा फोन वापरावा का?

शक्य असेल तर संस्थेने दोन साधे अँड्रॉइड फोन घ्यावेत, सिमशिवाय. कोणावरही स्वतःचा फोन आणि डेटा वापरण्याची सक्ती नको.

आमचे सेवक पन्नाशीच्या पुढचे आहेत. ते वापरतील?

वापरतात, जर साधन त्यांना विचारून बनवलं असेल. अक्षरं मोठी, बटणं अंगठ्याएवढी, सगळा मजकूर मराठीत, दाखल क्रमांकासाठी आकड्यांचा वेगळा कीपॅड. बोलून शोधायची सोय द्या. मराठी टाइप करणं अनेकांना जड जातं. कपाटांमधल्या अंधारासाठी टॉर्चचं बटण पडद्यावरच ठेवा. आणि कपाटांना तुमचे लोक ज्या नावांनी ओळखतात, ‘खिडकीजवळचं’, ‘जिन्याखालचं’, ती नावं क्रमांकाच्या बाजूला दाखवा. नवीन माणूसही त्यामुळे लवकर रुळतो.

ऐरोली-नेरूळकडच्या कॉलेजांतली मुलं प्रोजेक्ट म्हणून करून देतो म्हणतात. द्यावं का?

जरूर द्यावं, पण तीन गोष्टी आधी ठरवून. प्रोग्रॅम संस्थेच्या नावाच्या खात्यावर ठेवायचा, एका विद्यार्थ्याच्या खात्यावर नाही. परीक्षा झाल्यावर ती मुलं नोकरीला लागतात, आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो. दुसरं, चालवायचं कसं आणि बंद पडलं तर काय करायचं, हे मराठीत दोन पानांत लिहून घ्यायचं. तिसरं, मुलांनी आधी किमान एक संध्याकाळ सेवकाबरोबर चिठ्ठ्या घेऊन पुस्तकं काढायची. हे सगळ्यात महत्त्वाचं. वर्गात बसून आखलेल्या साधनात रंगीत आलेख असतात आणि कपाटाचा क्रमांक नसतो.

नोंदीत चूक दिसली तर मोबाईलवरच दुरुस्त करू द्यावी का?

दुरुस्ती नको, पण चूक कळवण्याची सोय पहिल्या दिवसापासून असावी. ‘नोंद तपासा’ असं एक बटण द्या. ते दाबलं की शीर्षकपानाचा फोटो निघावा, दाखल क्रमांक आपोआप जोडला जावा आणि ग्रंथपालांच्या यादीत जाऊन पडावा. लिहायला काही लावू नका. पुस्तक हातात असताना लिहायला कोणालाच सवड नसते. ग्रंथपालांनी सवडीने बसून, फोटो बघून मूळ नोंद दुरुस्त करायची आणि झाल्यावर ज्याने कळवलं त्याच्या फोनवर ‘दुरुस्त झालं’ असं दिसायला हवं. हे शेवटचं गाळू नका. आपण कळवलेलं कोणीतरी बघतं, हे एकदा दिसलं की सेवक पुढच्या चुकाही कळवत राहतात.